साडेआठ टक्के

२००४ साली टेक्सस राज्याच्या शिक्षण खात्याने शाळांच्या तपासणीपत्रकात एक नवा रकाना घातला. अमेरिकेत सरकारी शाळा बहुतेक ठिकाणी 'स्कूल डिस्ट्रिक्ट' चालवतो. त्याचे मंडळ वेगळे, कर वेगळा, अधीक्षक वेगळा. टेक्ससमध्ये असे हजाराहून जास्त डिस्ट्रिक्ट आहेत आणि राज्याचे खाते त्यांच्या कामाला दरवर्षी शेरा देते. नव्या रकान्यात एकच गोष्ट पाहायची होती: एकूण पटापैकी किती टक्के मुलांना 'विशेष शिक्षण', म्हणजे अपंगत्वामुळे लागणारे खास शिक्षण, दिले जाते. साडेआठ टक्के किंवा त्याहून कमी असतील तर उत्तम. जितकी जास्त, तितका शेरा खाली. फारच जास्त असतील तर सुधारणेचा आराखडा लिहून द्यायचा आणि तपासणीला तोंड द्यायचे.

त्या वेळी टेक्ससमधले प्रत्यक्ष प्रमाण बारा टक्क्यांच्या जवळ होते. आदल्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने शिक्षणाच्या तरतुदीत अब्जभर डॉलरची कपात केली होती. साडेआठ हा आकडा कुठल्या वैद्यकीय पाहणीतून आलेला नव्हता. पण शाळांनी तो गाठून दाखवला. २०१५च्या सुमारास राज्याचे प्रमाण खरोखरच साडेआठवर येऊन टेकले. देशाची सरासरी तेव्हा तेराच्या आसपास होती. ह्यूस्टन शहराच्या अवाढव्य डिस्ट्रिक्टमध्ये तर ते आठच्याही खाली गेले. दहा-बारा वर्षांत एका राज्यातल्या मुलांचे मेंदू इतके सुधारले, असे मानायचे असेल तर गोष्ट वेगळी.

ज्या गटात ही घट मोठी होती, त्याचे नाव 'लर्निंग डिसॅबिलिटी'. आपल्याकडच्या सरकारी भाषेत अध्ययन अक्षमता. आंधळेपणा किंवा बहिरेपणा कागदावरून पुसून टाकणे तितके सोपे नसते. वाचता न येणाऱ्या मुलाला मात्र आळशी म्हणता येते, लाडावलेला म्हणता येते, 'अजून लहान आहे, येईल हळूहळू' असेही म्हणता येते. या अक्षमतेला क्ष-किरणाचे चित्र नाही, रक्ताची चाचणी नाही. मुलाचे वाचन, लेखन किंवा गणित त्याच्या वयाच्या आणि त्याला मिळालेल्या शिकवणीच्या मानाने किती मागे आहे, हे मोजायचे आणि कुठेतरी रेघ ओढायची, एवढाच मार्ग. ती रेघ कोण ओढतो, आणि ओढताना त्याच्या डोळ्यांसमोर मूल असते की जमाखर्चाची वही, यावर किती मुले 'सापडतात' हे ठरते. अमेरिकेतल्या विशेष शिक्षणाचा अर्धशतकाचा इतिहास हा या रेघेच्या हलण्याचा इतिहास आहे.

अडचण मात्र रेघेच्या फार आधीपासूनची आहे. १८९६च्या नोव्हेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मॉर्गन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सीफर्ड गावी वैद्यकी करत. पर्सी चुणचुणीत होता, खेळात तरबेज होता, ७४९ला ८६७ने गुणायला सांगितले तर झटकन अचूक उत्तर काढत होता. सात वर्षांचा झाल्यापासून त्याला शिकवण्याची शर्थ चालली होती, तरी छापील ओळ त्याच्या आवाक्याबाहेर राहिली. स्वतःचे नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल होई आणि दाखवून दिल्याशिवाय ती त्याच्या लक्षात येत नसे. शिक्षण निव्वळ तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत होते. डोळ्यांत दोष नाही, बुद्धीत कमी नाही, शिकवणाऱ्यांनी हयगय केलेली नाही. मग अडते कुठे?

आज याचे बरेचसे उत्तर माहीत आहे. बोलणे माणसाला आपसूक येते, वाचणे येत नाही. ऐकू येणारा शब्द ध्वनींत सुटा करायचा आणि प्रत्येक ध्वनीला चिन्ह जोडायचे, हे मेंदूला मुद्दाम शिकवावे लागते. डिस्लेक्सिया, म्हणजे पर्सीसारखी वाचनाची अडचण, असलेल्या बहुतेक मुलांचा अडथळा या ध्वनी सुटे करण्याच्या पायरीवरच असतो. अक्षरे उलटी दिसतात ही समजूत लोकप्रिय असली तरी दोष दृष्टीत नसतो. इंग्रजीसारख्या लहरी स्पेलिंगच्या भाषेत हा अडथळा चुकीच्या वाचनातून चटकन दिसतो. ज्या लिप्यांत चिन्ह आणि ध्वनी यांची जोडी पक्की असते, तिथे मूल पुष्कळदा बरोबर वाचते, पण मुंगीच्या पावलांनी. आणि बरोबर वाचणारे मूल कुणाच्या नजरेत भरत नाही.

या साऱ्याला एक छत्रनाव मिळाले ते १९६३च्या एप्रिलमध्ये, शिकागोतल्या एका परिषदेत. परिषद भरवणारे बहुतेक पालक होते. त्यांच्या मुलांना कुणी 'मेंदूला इजा झालेली' म्हणत होते, कुणी 'मेंदूच्या कार्यात किंचित बिघाड' असे लिहून देत होते. एकच मूल तीन दवाखान्यांतून तीन नावे घेऊन येत होते. इलिनॉय विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल कर्क तिथे बोलायला उभे राहिले. नुसत्या चिठ्ठ्या चिकटवून शिकवण्याला काही मदत होत नाही, असा इशारा त्यांनी दिला आणि त्याच भाषणात, आपण अलीकडे वापरतो म्हणून, 'लर्निंग डिसॅबिलिटीज' हा शब्दप्रयोग पुढे ठेवला. पालकांनी इशारा बाजूला ठेवला, शब्द उचलला आणि त्याच नावाची राष्ट्रीय संघटना उभी केली. मला यात पालकांचा दोष दिसत नाही. नाव नसलेल्या अडचणीसाठी सरकारी तिजोरीतून पैसा निघत नाही, हे त्यांना प्राध्यापकांपेक्षा चांगले कळत होते.

तोवर सरकारी शाळांना अपंग मुलांना दारातूनच परत पाठवण्याची मुभा होती. कित्येक राज्यांच्या कायद्यांत तशी तरतूदच होती. ती मोडली न्यायालयांनी. पेनसिल्व्हेनियात पालकांच्या संघटनेने राज्याविरुद्ध लढलेल्या खटल्यात आणि १९७२च्या वॉशिंग्टन शहरातल्या मिल्स खटल्यात, कुठल्याही मुलाला शाळेबाहेर ठेवता येणार नाही, हे ठरले. वॉशिंग्टनच्या मंडळाने पैसे नसल्याची सबब सांगितली. न्यायाधीशांचे उत्तर असे की, पैसे कमी असतील तर कात्री सगळ्यांना सारखी लागू दे. तिची धार अपंग मुलांवर जास्त चालवता येणार नाही. पुढे संसदेने पाहिले तेव्हा देशातल्या ८० लाखांहून अधिक अपंग मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना योग्य शिक्षण मिळत नव्हते आणि १० लाख तर शाळेच्या पूर्ण बाहेर होती. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी या मुलांना योग्य शिक्षणाचा हक्क देणाऱ्या नव्या कायद्यावर सही केली. सही करताना त्यांनी लेखी नाराजीही नोंदवली: हा कायदा जेवढे कबूल करतो तेवढे देणे केंद्राला झेपणार नाही. ते खरे ठरले. जादा खर्चापोटी देशातल्या दरडोई शालेय खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत केंद्र देईल असा शब्द होता. तो टक्का आजवर एकदाही गाठला गेलेला नाही. बहुतेक वर्षी रक्कम त्याच्या निम्म्याच्याही खाली राहिली. उरलेला भार राज्यांवर आणि डिस्ट्रिक्टवर. साडेआठ टक्क्यांचे बी इथे पडले आहे.

हा कायदा पुढे 'आयडिया' या आद्याक्षरांनी ओळखला जाऊ लागला. त्यातले 'चाइल्ड फाइंड' हे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अपंगत्वाची शंका असलेले प्रत्येक मूल शोधून काढणे आणि त्याची तपासणी करणे ही जबाबदारी शाळा यंत्रणेची आहे. पालकांनी अर्ज केला नाही म्हणून ती टळत नाही. पालकांच्या लेखी संमतीनंतर साठ दिवसांत, किंवा राज्याने ठरवलेल्या मुदतीत, तपासणी पुरी करायची. ती फुकट. एकाच चाचणीवर निर्णय द्यायचा नाही. मूल पात्र ठरले की पालक, वर्गशिक्षक, विशेष शिक्षक आणि तपासणी करणारे एकत्र बसून त्या एका मुलाची वर्षभराची लेखी शिक्षणयोजना बनवतात. टेक्ससमधले पालक या बैठकीला 'आर्ड मीटिंग' म्हणतात. शाळेचा निष्कर्ष पटला नाही तर पालक बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी मागू शकतात. तिचा खर्च शाळेला द्यावा लागतो, नाहीतर आपली तपासणी योग्य होती हे सुनावणीत सिद्ध करावे लागते.

कागदावरचा हक्क आणि योजनेतले वाक्य यांत अंतर पडतेच. साउथ कॅरोलायनामधल्या शॅनन कार्टर या मुलीची अक्षमता नववीत असताना मान्य झाली. शाळेने बनवलेल्या योजनेत ध्येय लिहिले होते: वर्षभरात वाचनात चार महिन्यांची प्रगती आणि गणितातही तेवढीच. म्हणजे आधीच मागे असलेली मुलगी योजना तंतोतंत यशस्वी झाली तरी वर्षाअखेर आणखी आठ महिने मागे. आईवडिलांनी तिला अशा मुलांसाठीच्या खासगी शाळेत घातले आणि फीसाठी डिस्ट्रिक्टवर दावा लावला. ती शाळा राज्याच्या मंजूर यादीत नव्हती. तरीही १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने पालकांच्या बाजूने निकाल दिला.

रेघेची गोष्ट मात्र वेगळ्याच वाटेने गेली. १९७५चा कायदा लिहिताना संसदेला धास्ती होती की, या नव्या, धूसर व्याख्येत वर्गच्या वर्ग बसतील. म्हणून अनुदानासाठी अपंग म्हणून मोजायच्या मुलांवर एकूण मुलांच्या १२ टक्क्यांची मर्यादा घातली आणि त्यातही लर्निंग डिसॅबिलिटीची मुले एकषष्ठांशापेक्षा, म्हणजे २ टक्क्यांपेक्षा, जास्त नकोत असे तात्पुरते बंधन घातले. नियम तयार झाले की हे बंधन जाणार होते. म्हणजे टेक्ससच्या अधिकाऱ्यांना टक्क्याचे झाकण ही काही स्वतःची कल्पना सुचली नव्हती. तिचा पहिला खर्डा वॉशिंग्टनमध्येच लिहिला गेला होता. फरक इतकाच की तो उघडपणे कायद्यात छापलेला होता.

१९७७च्या अखेरीस नियम आले आणि टक्क्याची जागा सूत्राने घेतली. मुलाचा बुद्ध्यंक काढा, वाचनाचा किंवा गणिताचा प्रमाणित गुणांक काढा आणि दोन्हींत 'तीव्र तफावत' असेल तर अक्षमता माना. तीव्र म्हणजे किती, हे ज्या त्या राज्याने ठरवायचे. कुठे पंधरा गुणांचे अंतर पुरे, कुठे बावीस-तेवीस लागे. राज्याची सीमा ओलांडून कुटुंब पलीकडे राहायला गेले की मुलाची अक्षमता जाऊ शकत होती.

समजा, एका राज्यात वीस गुणांचे अंतर लागते. एका मुलीचा बुद्ध्यंक १००, वाचन ८०. ती पात्र. शेजारच्या बाकावरच्या मुलाचा बुद्ध्यंक ८८ आणि वाचन ७६. तो तिच्यापेक्षा वाईट वाचतो, पण अंतर बाराच, म्हणून अपात्र. त्याच्याबद्दल शेरा काय पडतो? कुवतीच्या मानाने ठीक आहे. नव्वदच्या दशकात संशोधकांनी असे दोन्ही गट शेजारी ठेवून तपासले, तेव्हा ध्वनी सुटे करण्याची अडचण दोघांत सारखीच निघाली. एकाला एका पद्धतीने आणि दुसऱ्याला दुसऱ्या पद्धतीने शिकवायचे कारणही दिसेना. या सूत्रावर हल्ला चढवणाऱ्यांतले एक मोठे नाव जॅक फ्लेचर, आणि त्यांची कर्मभूमी होती ह्यूस्टन.

सूत्राचा सर्वांत मोठा दोष अंकगणितातच होता. पहिलीतले मूल पंधरा-वीस गुणांनी मागे पडायला वर्ग मुळात तेवढा पुढे तरी कुठे गेलेला असतो? दरी रुंदावते तिसरी-चौथीत. तोवर मदत नाही, कारण मूल अजून पुरेसे नापास झालेले नाही. शिक्षकांच्या बोलण्यात याला 'नापास होईपर्यंत थांबा' पद्धत म्हणतात. वाचनाची मदत सर्वांत जास्त उपयोगी पडते तीही नेमकी पहिल्या दोन-तीन वर्षांत.

शिवाय बुद्ध्यंकाच्या चाचणीचे स्वतःचे एक काळे प्रकरण आहे. कॅलिफोर्नियात घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धी इंग्रजीतून मोजली जात होती आणि त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवले जात होते. १९७०च्या डायना खटल्यानंतर मुलाच्या घरच्या भाषेत चाचणी घ्यायचे मान्य झाले. त्याच राज्यातल्या लॅरी पी. खटल्यात १९७९ साली न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गांत धाडण्यासाठी बुद्ध्यंक चाचणी वापरण्यावर बंदी घातली. म्हणजे चुकीचे शिक्के मारले जातात, ही भीती खोटी नव्हती. लर्निंग डिसॅबिलिटीच्या गटातली मुले १९७६-७७मध्ये आठ लाखांच्या आसपास होती. शतक संपताना ती २८ लाखांच्या पुढे गेली. डोक्यामागे पैसे मिळतात म्हणून शाळा मुले मोजतात, असा आरोप होऊ लागला आणि १९९७च्या दुरुस्तीत केंद्राने अनुदानाचे सूत्र बदलून वाढीव रकमेचे वाटप अपंग मुलांच्या संख्येऐवजी एकूण लोकसंख्या आणि गरिबीवर नेले. टेक्ससचे अधिकारी पुढे आपल्या बचावात 'अति-निदान' हा शब्द वापरणार होते. त्याला आधार होता. फक्त त्यांनी त्यावर शोधलेला इलाज मुलांची तपासणीच न करण्याचा होता.

२००४ साली 'आयडिया' कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तफावतीचे सूत्र वापरलेच पाहिजे अशी सक्ती राज्यांना करता येणार नाही, असे ठरले आणि दुसरी वाट खुली केली: आधी चांगले शिकवा आणि मूल त्याला कसा प्रतिसाद देते ते पाहा. तिचे इंग्रजी आद्याक्षरी नाव आरटीआय. आपल्या माहिती अधिकाराशी संबंध नाही. सगळ्या वर्गाला सिद्ध झालेल्या पद्धतीने वाचन शिकवायचे. वर्षातून दोन-तीनदा सगळ्यांचे वाचन मोजायचे, म्हणजे मिनिटभर उतारा वाचायला देऊन बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीतला वाचनाचा कागद ज्यांनी हाताळला आहे त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. मागे पडलेल्यांना चार-पाच जणांच्या गटात जादा शिकवणी. त्यानेही हलले नाही तर आणखी लहान गट, आणखी वेळ, दर आठवड्याला मोजणी. एवढे करूनही जे मूल पुढे सरकत नाही, त्याच्याबाबत अक्षमतेचा विचार.

या विषयात गेल्या पन्नास वर्षांत सुचलेली ही सर्वांत शहाणी कल्पना आहे असे माझे मत आहे. मदत पहिलीपासून सुरू होते, बुद्ध्यंकाची गरज उरत नाही आणि शिकवणेच वाईट असेल तर तेही उघडे पडते. तिच्यात एक भोक मात्र राहिले. मुदतीचे घड्याळ सुरू होते पालकांनी तपासणीला संमती दिल्यावर. त्याआधीच्या पायऱ्यांवर मूल किती महिने ठेवायचे, याला घड्याळ नाही.

आणि नेमक्या त्याच वर्षी टेक्ससने साडेआठचा रकाना आखला. आता शाळेकडे संख्या कमी ठेवायचे कारण होते आणि मुलाला बसवून ठेवायला प्रतिष्ठित जागाही होती. 'सध्या जादा शिकवणी चालू आहे, तिचा परिणाम पाहू' हे वाक्य कुणाला खोटे म्हणता येत नव्हते. एक पायरी संपली की दुसरी, वर्ष संपले की नव्या शिक्षकाकडे पुन्हा पहिली. जानेवारी २०११मध्ये केंद्राच्या विशेष शिक्षण विभागाला सगळ्या राज्यांना पत्र लिहावे लागले की, ही पद्धत तपासणी लांबवण्यासाठी किंवा नाकारण्यासाठी वापरता येणार नाही.

दुसरी आडवाट जास्त खुबीची होती. डिस्लेक्सियासाठी स्वतंत्र कायदा करणारे टेक्सस हे देशातले पहिले राज्य, साल १९८५. त्यामुळे शाळांमध्ये डिस्लेक्सियाची वेगळी शिकवणी होती आणि ती बहुधा १९७३च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४खाली दिली जाई. हे कलम भेदभाव रोखते: जादा वेळ द्या, उतारा वाचून दाखवा, पुढच्या बाकावर बसवा. त्यात 'आयडिया'सारखी सविस्तर शिक्षणयोजना नाही आणि पालकांच्या हाती तितकी हत्यारेही नाहीत. मुख्य म्हणजे या मुलांची गणती विशेष शिक्षणाच्या टक्क्यात होत नव्हती. अग्रेसर राज्याचा चांगला कायदा अशा रीतीने मुले वळवण्याचा कालवा झाला.

या सगळ्याला कुणी गुप्त आदेश दिला होता का? तशी गरजच पडली नाही. अधीक्षकाला शेरा दिसत होता, मुख्याध्यापकाला अधीक्षक दिसत होता आणि शाळेतल्या मानसशास्त्रज्ञाला कळत होते की या महिन्यात आणखी तीन नावे पाठवली तर बैठकीत कपाळाला आठ्या पडतील. पालकांना या रकान्याचा पत्ताच नव्हता. तो उघड केला 'ह्यूस्टन क्रॉनिकल' या दैनिकाने. सप्टेंबर २०१६पासून ब्रायन रोझेंथल या पत्रकाराची लेखमाला सुरू झाली. राज्याचे प्रमाण देशाच्या सरासरीइतके असते तर किती जास्त मुलांना सेवा मिळाली असती, असा हिशेब करून दैनिकाने अडीच लाखांपर्यंतचा आकडा मांडला. २००४च्या शरदात पहिलीत बसलेले मूल, एकही वर्ष न चुकता, २०१६च्याच उन्हाळ्यात बारावी संपवून बाहेर पडले होते.

खात्याचे म्हणणे होते की ही कमाल मर्यादा नव्हती, केवळ 'निर्देशक' होता. २०१७मध्ये विधिमंडळाने कायदा करून असा टक्का ठरवायलाच बंदी घातली. जानेवारी २०१८मध्ये केंद्रीय शिक्षण विभागाने वर्षाहून अधिक काळ चाललेल्या चौकशीनंतर निष्कर्ष दिला: टेक्ससने मुले शोधण्याचे कर्तव्य पाळले नाही, त्यांना योग्य मोफत शिक्षण दिले नाही आणि डिस्ट्रिक्टवर देखरेखही ठेवली नाही. राज्यपालांनी खात्याला आराखड्यासाठी सात दिवस दिले. नाकारल्या गेलेल्या मुलांना भरपाईची शिकवणी द्यावी, असे ठरले.

झाकण उचलल्यावर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. २०१६-१७मध्ये विशेष शिक्षणात पावणेपाच लाखांच्या आसपास मुले होती. २०२२-२३पर्यंत ती सात लाखांवर गेली. पट तितका वाढला नव्हता. पण तपासणी करणारी माणसे कुठून आणायची? शाळेतले मानसशास्त्रज्ञ आणि टेक्ससमध्ये 'डायग्नॉस्टिशियन' म्हणवणारे तपासनीस एका वर्षात तयार होत नाहीत. मधल्या काळात मागणीच नसल्यामुळे पदेही वाढलेली नव्हती. डिस्लेक्सियाचा कालवा बंद व्हायला २०२३ उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने डिस्लेक्सियाची शंका म्हणजे 'आयडिया'खालचीच तपासणी, असे पक्के केले.

डॅलस आणि ह्यूस्टनच्या उपनगरांत नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबेही याच शाळांत मुले घालतात. प्रवेशाच्या वेळी घरची भाषा लिहून द्यावी लागते. मराठी लिहिले की मुलाच्या इंग्रजीची वेगळी चाचणी होते आणि पुढे वाचन अडले तर 'दुसरी भाषा आहे, वेळ लागेल' हे स्पष्टीकरण तयार असते. कायदाही म्हणतो की इंग्रजी कमी येते एवढ्यावरून अक्षमता ठरवू नये. पण दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात. अशा वेळी घरी मराठीत अक्षरओळख करून देताना आलेला अनुभव, म्हणजे यमक जुळवता येते का, 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरते हे सांगता येते का, ही माहिती बैठकीत मोलाची ठरते. ती विचारली जाईल याची वाट न पाहता पालकांनीच सांगावी.

आणि महाराष्ट्रात? इथली वाट परीक्षेच्या मांडवातून आत आली. १९९५च्या अपंग कायद्यात अध्ययन अक्षमतेला स्थान नव्हते, तरी १९९६पासून राज्य सरकारने दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती द्यायला सुरुवात केली: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, एखाद्या भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित. प्रमाणपत्र मुंबईत पालिकेच्या शीव रुग्णालयासारख्या ठिकाणी मिळे. देशात हे फार लवकर उचललेले पाऊल होते. पण सवलत परीक्षेशी जोडली की निदानही परीक्षेच्या मागे धावते. कित्येक मुले रुग्णालयाच्या रांगेत पोचतात ती आठवी-नववीत, आणि पोचतात तीही ज्यांच्या पालकांना अशी रांग असते हे ठाऊक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलाची वेलांटी चुकते, जोडाक्षर अडते, तेव्हा शिक्षकाच्या मनात कारणांची लांब यादी असते: गैरहजेरी, स्थलांतर, घरची बोली. त्यात अक्षमतेचा नंबर शेवटी लागतो, आणि पुष्कळदा ती बाकीची कारणे खरीही असतात. तपासायला साधनेही उशिरा आली. मराठी वाचनाची प्रमाणित चाचणी असलेला 'डाली' संच मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केला, तो २०१५च्या सुमारास.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला २१ प्रकारांत जागा दिली. त्याचे १६वे कलम शाळांना सांगते की अशी मुले लवकरात लवकर ओळखा आणि शिकवण्याचे योग्य उपाय करा. 'चाइल्ड फाइंड'च्या जवळ जाणारे हे कर्तव्य आहे. १७वे कलम शाळेतल्या मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करायला सांगते. पण २०१८च्या केंद्रीय सूचनांनी प्रमाणपत्राचे किमान वय आठ वर्षे ठेवले, पुढे चौदा आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी. म्हणजे पहिली-दुसरीत ओळखायचे कर्तव्य आणि तिसरीत मिळणारा कागद, यांच्या मधली दोन वर्षे शिक्षकाच्या हाती आहेत. त्या काळात लहान गटात ध्वनी आणि अक्षरांची शिकवणी सुरू करायला कुठल्याही प्रमाणपत्राची गरज नाही. गरज आहे ती विशेष शिक्षकाची. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिक शाळेत दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि माध्यमिक शाळेत पंधरांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण मान्य केले. मार्च २०२५मध्ये त्याच प्रकरणात न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले की, आधी ही पदे मंजूर करून जाहीर करा.